वाचकांचे प्रश्न : हिरव्या रंगाखालचा पांढरा पत्रा

प्रश्न : मी नोकरीनिमित्त अमेरिकेतील ओहायो राज्यात राहतो. गेल्या उन्हाळ्यात एका शेतावरच्या जुन्या सामानाच्या विक्रीत मला जॉन डिअरचा ११० हा बागेत वापरायचा छोटा ट्रॅक्टर मिळाला. पाटीवरील क्रमांकावरून तो १९६९ च्या सुमाराचा असावा. इंजिन हाताने फिरते, पण सुरू होत नाही. रंग काढायला घेतला तेव्हा सीटखालचा पत्रा हिरव्याऐवजी पांढरा निघाला, आणि बॉनेटवरील हिरव्या रंगाखाली नारिंगी थर दिसला. आता ट्रॅक्टर हिरवा रंगवावा की पांढरा, आणि काम कोणत्या क्रमाने करावे?
– एक वाचक, ओहायो

उत्तर : सर्वप्रथम हातातील पॉलिश पेपर खाली ठेवा. या कंपनीने १९६९ ते १९७१ या काळात आपल्या छोट्या ट्रॅक्टरांची ‘पॅटिओ’ नावाची मालिका विकली होती. तिच्यातील ट्रॅक्टरांचा मूळ सांगाडा पांढरा असे, तर बॉनेट आणि सीट लाल, नारिंगी, पिवळ्या किंवा निळ्या रंगांपैकी एका रंगात मिळत. गिऱ्हाइकांना ही रंगसंगती फारशी रुचली नाही. पुण्याजवळच्या सणसवाडीच्या कारखान्यामुळे या कंपनीचा हिरवा-पिवळा आपल्याकडेही ओळखीचा आहे, तेव्हा लोक त्यालाच का चिकटून राहिले असतील हे आपणास सहज समजेल. त्यामुळे असे बरेच ट्रॅक्टर पुढे हिरवे झाले, आणि म्हणूनच मूळ रंगातील नग आज संग्राहकांना हवेहवेसे वाटतात.

तरीही नारिंगी दिसला म्हणून लगेच हुरळून जाऊ नये, कारण तो गंजरोधक रेड ऑक्साइड प्रायमरही असू शकतो. बॉनेटच्या आतल्या बाजूस, बिजागरीजवळ, रुपयाच्या नाण्याएवढी जागा निवडून ती ४०० नंबरच्या वॉटर पेपरने पाणी लावून हलक्या हाताने घासावी, म्हणजे एकेका थराची कड वर्तुळासारखी उघडी पडते. नारिंगी थर मंद, विटकरी आणि खडूसारखा असेल, तर तो प्रायमर समजावा. घासल्यावर त्याला चमक आली आणि त्याच्याखाली आणखी एक वेगळा थर निघाला, तर तो कारखान्याचा रंग असण्याची शक्यता मोठी. सीटखालचा पांढरा पत्रा मात्र मला पुरेसा बोलका वाटतो. माझे मत विचाराल तर ट्रॅक्टर पांढराच करावा. हिरवे ११० शेकड्याने दिसतात. घासलेल्या वर्तुळाचे छायाचित्र दिवसाच्या उजेडात काढून ठेवा आणि रंगाच्या दुकानात जुळवणीसाठी शक्यतो सीटखालच्या झाकलेल्या भागाचा नमुना न्या, कारण उन्हात राहिलेला रंग फिका पडलेला असतो.

रंगाआधी इंजिन सुरू करून घ्यावे. रंगवलेल्या ट्रॅक्टरवर पेट्रोल सांडणे आणि पाना घसरणे यासारखे दुसरे दुःख नाही. आपल्या ट्रॅक्टरवरील कोहलर कंपनीचे एक सिलिंडरचे बिडाचे इंजिन हवेने थंड होते. त्यामुळे वरचे पत्र्याचे आवरण काढून इंजिन थंड ठेवणाऱ्या धातूच्या पाकळ्यांमधले सुके गवत आणि उंदरांची घरटी साफ करणे हे पहिले काम. स्पार्क पडत नसेल, तर बाहेरच्या छोट्या झाकणाखालचे कॉन्टॅक्ट पॉइंट, ज्यांना आपले मिस्त्री सीबी पॉइंट म्हणतात, साफ करून त्यांतील फट ०.०२० इंच, म्हणजे साधारण अर्धा मिलिमीटर ठेवावी. बहुतेक वेळा दोष तिथेच सापडतो. या इंजिनाला ऑइल फिल्टर नसतो आणि आतले वंगण केवळ शिंतोड्यांनी पोहोचते, म्हणून जुने ऑइल काढून नवे भरल्याशिवाय ते चालवू नये.

त्या काळातील रंगात शिसे असू शकते. जुना रंग कोरडा घासून धूळ उडवू नका. पाणी लावून घासा, योग्य गाळणीचा मास्क वापरा आणि लहान मुलांना त्या खोलीपासून दूर ठेवा. ब्रॅकेट, तरफा, पेडल अशा लहान लोखंडी भागांचा गंज धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात बॅटरी चार्जर लावून सुरेख निघतो. प्लॅस्टिकच्या पिंपात चार लिटर पाण्याला सुमारे एक मोठा चमचा सोडा पुरतो. चार्जरची ऋण तार गंजलेल्या भागाला आणि धन तार भंगारातील साध्या लोखंडी पट्टीला जोडावी. पट्टी स्टेनलेस स्टीलची मात्र कधीही नसावी, कारण त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरते. ॲल्युमिनियमचा भागही या पाण्यात टाकू नये. हायड्रोजन निघत असल्याने हे काम उघड्यावर करावे आणि तारा हलवण्याआधी चार्जर बंद करावा.

उघड्या पत्र्यावर आधी इपॉक्सी प्रायमर, खड्ड्यांवर बेताची लांबी (पुट्टी), ती घासून पुन्हा प्रायमर आणि मग रंगाचे दोन-तीन पातळ हात द्यावेत. इनॅमलमध्ये हार्डनर घातल्यास रंग कणखर होतो, पण बहुतेक हार्डनरांत आयसोसायनेट हे रसायन असते आणि फवारताना ते फुप्फुसात गेल्यास कायमचा दमा जडू शकतो. बाहेरून ताजी हवा पुरवणारा मुखवटा नसेल, तर ते काम सरळ गाडी रंगवणाऱ्यावर सोपवावे. ओहायोतील नोव्हेंबरात थंड गॅरेजमध्ये रंग फवारू नये. पत्रा किमान १५ अंश सेल्सिअस असेल अशा कोरड्या दिवसाची वाट पाहावी. क्रमांकाची पाटी चिकटपट्टीने झाकायला विसरू नका. स्टिकर मात्र तीन-चार आठवड्यांनी, रंग पुरता वाळल्यावरच लावावेत.

प्रश्न : द्राक्षबागेत फवारणीसाठी वापरलेला आमचा जुना छोटा ट्रॅक्टर दोन वर्षांपूर्वी घासून रंगवला, पण मडगार्डवर चार महिन्यांतच फोड आले. रंग चांगल्या प्रतीचा होता. चूक कुठे झाली असावी?
– एक वाचक, जि. नाशिक

उत्तर : दोष बहुधा रंगापेक्षा त्याखाली राहिलेल्या मोरचुदाचा असावा. द्राक्षांवर फवारतात त्या बोर्डो या बुरशीनाशक मिश्रणातील मोरचूद म्हणजे तांब्याचे क्षारच. ते लोखंडाला लागले की लोखंड विरघळते आणि त्यावर तांब्याचा पातळ लेप बसतो. मडगार्डच्या आतल्या बाजूस पत्रा खरवडून पाहा, कदाचित लालसर तांबूस डाग दिसतील. अशा पत्र्याला पॉलिश पेपर लावला की क्षार खळग्यांत आणखी दाबले जातात. वरून रंग दिला तरी ते ओल ओढून घेतात, आणि फोड येतो. म्हणून घासण्याच्या आधी गरम पाणी, साबण आणि ताठ ब्रशने पत्रा धुवावा, स्वच्छ पाण्याने तीन-चार वेळा खळबळून काढावा, मगच घासावा आणि घासून झाल्यावर पुन्हा एकदा धुवावा. धुतल्यावर उन्हात किंवा गरम हवेने लगेच वाळवून त्याच दिवशी प्रायमर द्यावा. रात्रभर उघडा ठेवलेला पत्रा सकाळी पुन्हा लालसर झालेला असतो. रंग मूळ रंगापेक्षा वेगळा दिला असल्यास आरसीवरील नोंद आरटीओकडून बदलून घ्यावी.