लॅपटॉप परत द्या, मग करिअरचं बोलू

प्रश्न : माझी मुलगी एम.एस्सी. स्टॅटिस्टिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. पहिल्या वर्षी ५८ टक्के मिळाले. आता प्रोजेक्ट म्हणून अमेरिकेतल्या काउंट्यांचं (म्हणजे तिथल्या जिल्ह्यांचं) घरटी उत्पन्न वर्षागणिक कसं बदललं, याचे अंदाज काढत बसली आहे. एक्सेलमध्ये पाच मिनिटांत निघणारी सरासरी! मी डेटा सायन्सच्या क्लासचा पहिला हप्ता भरला, तर ती जायला तयार नाही. रात्री नऊनंतर मी लॅपटॉप काढून घेतो. जेवतानाही बोलत नाही. तुम्ही तिला समजवा. – एक वडील

उत्तर : नमस्कार. तुमचं पत्र वाचून काळजी वाटली, पण ती ५८ टक्क्यांची नाही. पदवी घेतलेल्या, सज्ञान मुलीचा लॅपटॉप रात्री काढून घेणं याला मी शिस्त म्हणणार नाही. तो तिचा अपमान आहे. क्लास तुम्ही निवडलात, पैसे तुम्ही भरलेत आणि तिला सांगितलंत ते त्यानंतर. ती जेवताना गप्प का असते, याचं उत्तर तुमच्याच पत्रात आहे. तुमच्या मनात तिच्या नोकरीची भीती आहे आणि ती खरी आहे, हे मला कळतं. पण त्या भीतीचं ओझं रोज रात्री तिच्यावर टाकून तिचा अभ्यास सुधारणार नाही. तिला मी समजवणार नाही, कारण या प्रकरणात गैरसमज तुमचा झाला आहे.

तो गैरसमज ‘पाच मिनिटांच्या सरासरी’चा. ती काढतेय तो मध्यक : सगळी घरं उत्पन्नाच्या क्रमाने लावली तर मधोमध येणाऱ्या घराचं उत्पन्न. प्रत्येक घराचा आकडा हाताशी असता, तर एक्सेलने तो काढला असता. पण सर्व्हे मोजक्याच घरांचा, म्हणजे नमुन्याचा, होतो. अमेरिकेत तीन हजारांहून जास्त काउंट्या आहेत. लॉस एंजेलिस काउंटीत सुमारे एक कोटी लोक, तर टेक्सासमधल्या लव्हिंग काउंटीत २०२०च्या जनगणनेत ६४. २००० सालापर्यंत जनगणनेचा मोठा फॉर्म साधारण सहातल्या एका घराला जायचा आणि त्यातून दहा वर्षांनी एकदा उत्पन्न कळायचं. २००५ पासून अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे दरवर्षी होतो, पण त्याचे एका वर्षाचे आकडे किमान ६५ हजार वस्तीच्या भागांचेच निघतात. लहान काउंट्यांसाठी पाच वर्षांचे नमुने एकत्र करतात. मग २०१५-१९ आणि २०१६-२० हे आकडे शेजारी ठेवून ‘उत्पन्न वाढलं’ म्हणता येत नाही, कारण त्यातली चार वर्षं तीच असतात. शिवाय महागाई वजा करायची. कनेक्टिकटमध्ये तर २०२२ पासून आकडेवारीत जुन्या आठ काउंट्यांऐवजी नऊ नियोजन विभाग आले, म्हणजे तिथे मालिकाच तुटली. आणि दोन काउंट्यांच्या मध्यकांची सरासरी काढली, तर तो दोन्हींचा मिळून मध्यक होत नाही.

यावरचा उपाय १९७९ साली फे आणि हेरियट या संख्याशास्त्रज्ञांनी लहान गावांच्या दरडोई उत्पन्नासाठी मांडला. जिथे नमुना तोकडा, तिथे सर्व्हेवर भिस्त कमी आणि सरकारी नोंदींवरून बांधलेल्या मॉडेलवर जास्त. जिथे नमुना भरपूर, तिथे उलट. अमेरिकेचा जनगणना विभाग आयकर विवरणांच्या नोंदी वापरून काउंट्यांचे मध्यक दरवर्षी याच धर्तीवर काढतो. याच कामात निघणाऱ्या गरीब मुलांच्या संख्येच्या अंदाजांवरून शाळांना केंद्राचा पैसा वाटला जातो. अंदाज चुकला की कुठल्या तरी शाळेचा पैसा कमी होतो. तुमची मुलगी हे काम शिकतेय.

अमेरिकाच का? कारण तिथला डेटा फुकट आणि खुला आहे. पद्धत मात्र इथेही चालते. आपल्या नॅशनल सॅम्पल सर्व्हेने जानेवारी २०२५ पासून बहुतेक सर्व्हेंमध्ये जिल्हा हा नमुन्याचा मूळ घटक धरला आहे. नंदुरबार आणि मुंबई उपनगर यांना राज्याच्या एकाच आकड्यात कोंबून कुणाचंच भलं होत नाही. जिल्ह्याच्या तोकड्या नमुन्यातून भरवशाचा आकडा काढणारी माणसं यापुढे इथेही लागणार आहेत.

केंद्र सरकारची इंडियन स्टॅटिस्टिकल सर्व्हिस, रिझर्व्ह बँकेतलं संख्याशास्त्राचं ग्रेड बी अधिकारीपद, प्राध्यापकीसाठीची नेट आणि पीएच.डी. या वाटा तिला ठाऊक असतील. बऱ्याच ठिकाणी ५५ किंवा ६० टक्क्यांची अट असते, तेव्हा दुसऱ्या वर्षाचे गुण वाढायलाच हवेत. त्यासाठी तिला रात्रीचे तास लागतील आणि तुम्ही नेमके तेच काढून घेताय. क्लासमध्ये बहुधा साफसूफ केलेला डेटा हातात देतात. ती कच्च्या डेटाशी झुंजतेय, मुलाखतीत विचारतील ते हेच.

तेव्हा लॅपटॉप आज परत द्या आणि दुसरा हप्ता भरू नका. रविवारी तासभर तिच्याशेजारी बसून लव्हिंग काउंटीचं तिने काय केलं ते विचारा आणि ती सांगेल ते मधे न बोलता ऐका. करिअरविषयी मला पुढे काही विचारायचं असेल, तर ते पत्र तिला लिहू द्या.