सॉफ्टवेअरवाला डेटा अडवतोय, मालकी कोणाची?

औषधांच्या वितरणाचा धंदा. सहा वर्षांची बिलं आणि ग्राहकांची यादी सॉफ्टवेअरवाल्याच्या सर्व्हरवर. आणि थकबाकीवरून तो काहीच देत नाही. "डेटाची मालकी सिद्ध कशी करू?" असं तुम्ही विचारलंत. मी वर्षानुवर्षं व्यापाऱ्यांचे करार बघतोय, म्हणून कळकळीने सांगतो, मालकीवरून भांडू नका. तिथे तुमची वर्षं जातील.

डेटाचा मालक कोण, हे आपला कायदा सांगतच नाही. ट्राय या दूरसंचार नियामकाने २०१८ मध्ये म्हटलं होतं की वैयक्तिक माहिती वापरकर्त्याच्याच मालकीची, कंपन्या फक्त राखणदार. ती शिफारसच राहिली. २०२३च्या डेटा संरक्षण कायद्याने माहिती बघण्याचा, दुरुस्त करून घेण्याचा, पुसायला लावण्याचा हक्क दिला, मालकी नाही. २०१९च्या विधेयकात आपला डेटा दुसरीकडे नेण्याचाही हक्क होता, तो नंतर गळला. मला ते आजही खटकतं. आणि हे सगळे हक्क तुमच्या ग्राहकांचे आहेत, तुमचे नव्हेत. त्यांच्यापुढे जबाबदार तुम्ही, सॉफ्टवेअरवाला तुमच्या वतीने काम करणारा.

यादीवर कॉपीराइट? दिल्ली उच्च न्यायालयाने १९९५ मध्ये ग्राहकयादीला तो दिला होता. पण सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये नुसती मेहनत पुरत नाही, थोडी तरी सर्जनशीलता हवी असं ठरवलं. नाव-पत्ता-फोनच्या यादीत ती कुठून दाखवणार?

तुमचा खरा प्रश्न आहे पैशांसाठी डेटा अडवता येतो का. १८७२च्या करार कायद्यातलं उदाहरण बघा: हिऱ्याला पैलू पाडणारा मजुरी मिळेपर्यंत हिरा ठेवून घेऊ शकतो. पण हिरा हातात धरता येतो. इंग्लंडच्या अपील न्यायालयाने २०१४ मध्ये नेमक्या अशाच भांडणात, मासिकांच्या वर्गणीदारांच्या यादीबाबत, डेटाबेस असा अडवता येत नाही असं म्हटलं. आपल्यावर तो निकाल बंधनकारक नाही, पण वकिलाला जरूर दाखवा.

आता करार काढा आणि सेवा संपल्यावर डेटा परत करण्याचं कलम आहे का बघा. वादातली रक्कम लेखी हरकत नोंदवून भरा, म्हणजे अडवायला कारण उरणार नाही. नोटिशीत लिहा की जीएसटीखाली हिशेब ७२ महिने जपायची जबाबदारी तुमच्यावर आहे. आणि जुना पासवर्ड वापरून त्यांच्या सर्व्हरवरून गुपचूप काही उतरवू नका. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ४३वं कलम संगणकाच्या मालकाची परवानगी विचारतं, आणि तो संगणक तुमचा नाही.