भेगा, टिनं आणि वानरं : शाळेच्या इमारतीबद्दल तुमचे प्रश्न

बाकी महाराष्ट्रात जूनच्या मध्यावर शाळेची घंटा वाजते. आपल्याकडे विदर्भात उन्हापायी ती महिनाअखेरीस वाजते. शाळा रिकामी असते, डागडुजीला हेच दिवस बरे. तरी दरवर्षी पत्रं येतात ती जुलैत, वर्गात पाणी गळायला लागल्यावर. यंदा काही जणांनी आधीच लिहिलं, म्हणून उत्तरंही आधीच देतो.

आमच्या शाळेच्या एका खोलीला उन्हाळ्यात बोट जाईल एवढी भेग पडते आणि पावसाळ्यात ती आपोआप मिटते. गुरुजी म्हणतात, दरवर्षीचंच आहे. पहिली-दुसरीची लेकरं त्याच खोलीत बसतात. सांगायचं कोणाला?
— शाळा व्यवस्थापन समितीच्या एक सदस्य, दर्यापूर तालुका

ताई, तुमच्या पत्रातच निदान आहे. उन्हाळ्यात उघडणारी आणि पावसाळ्यात मिटणारी भेग भिंतीची नसते, खालच्या काळ्या मातीची असते. ही माती पाणी प्याली की फुगते, वाळली की आकसते. मे महिन्यात वावरात बैलाचा पाय अडकेल अशा भेगा पडतात ना, तीच माती शाळेच्या पायाखाली आहे. इमारतीच्या मधली माती सावलीत ओलसर राहते, कडेची सुकते. मग कोपरे बसतात आणि खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघते. दरवर्षी सिमेंट भरून वरून चुना मारणं म्हणजे ताप न उतरवता कपाळावर कुंकू लावणं.

नवी खोली बांधायची असेल तर अशा मातीत खाली कंदासारखा फुगवटा असलेले पाईल, म्हणजे जमिनीत खोल जाणारे काँक्रीटचे खांब, घालतात. रुरकीच्या केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने हे तंत्र याच मातीसाठी विकसित केलं. साधारण साडेतीन मीटर खाली माती वर्षभर फारशी हलत नाही, पाय तिथे रोवायचा. आहे त्या खोलीसाठी मात्र पाणी आवरा. छताचं पाणी पाइपाने दूर न्या. हातपंपाचं डबकं भिंतीजवळ असेल तर नाली काढा. भिंतीला लागून चारही बाजूंनी पाच फूट रुंदीची, बाहेर उतार असलेली फरशी करून घ्या. भराव मुरमाचा टाका. काळ्या मातीचाच भराव टाकणारे ठेकेदार मी पाहिले आहेत.

आता सांगायचं कोणाला? आधी मोजा, मग सांगा. भेगेच्या दोन्ही बाजूंना पेन्सिलीने खुणा करा, शेजारी तारीख लिहा, पट्टी ठेवून दर महिन्याला फोटो काढा. भेगेवर काचेची पातळ पट्टी सिमेंटने चिकटवली आणि ती तडकली, तर भिंत अजून हलते आहे. स्लॅबची सळई दिसत असेल, पोपडे पडत असतील किंवा ओळंबा सोडल्यावर भिंत बाहेर झुकलेली दिसत असेल, तर महिन्याची वाट पाहू नका. त्याच दिवशी खोलीला कुलूप लावा, वर्ग मंदिराच्या सभामंडपात भरवा.

मग कागद. तुमच्या समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असतात, ते शोभेसाठी नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातली ही तरतूद आहे, आणि सगळ्या ऋतूंत टिकणारी इमारत ही त्याच कायद्याच्या परिशिष्टातली अट आहे. समितीचा ठराव करा, मुख्याध्यापकांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांना पाठवा, प्रत जिल्हा परिषदेच्या बांधकाम उपविभागाला द्या. मागणी दोनच गोष्टींची असू द्या : लेखी पाहणी अहवाल, आणि खोली धोकादायक निघाली तर निर्लेखनाचा, म्हणजे ती सरकारी नोंदीतून काढून पाडण्याचा, प्रस्ताव. जोवर जुनी खोली कागदावर उभी आहे, तोवर नवीन खोलीची गरज कागदावर दिसत नाही. हे कोणी सांगत नाही. पुढच्या ग्रामसभेतही तोच ठराव घ्या. प्रत्येक अर्जाची पोच घ्या, फोटो जोडा.

कोणी म्हणालं की निधी नाही, तर सांगा की सुरक्षित शाळा हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये अविनाश मेहरोत्रा प्रकरणात म्हटलं आहे. २००४ मध्ये तामिळनाडूत कुंभकोणमच्या शाळेला आग लागून ९४ मुलं गेली, त्यातून ते प्रकरण उभं राहिलं. जुलै २०२५ मध्ये राजस्थानात झालावाड जिल्ह्यात शाळेचं छत कोसळून ७ मुलं गेली.

माझीही एक चूक सांगतो. नोकरीत असताना एका खोलीच्या अहवालावर मी 'दुरुस्तीयोग्य' लिहून सही केली होती. पुढच्या पावसाळ्यात त्या स्लॅबचा अर्धा गिलावा खाली आला. रात्री आला, म्हणून आज हे सांगायला तोंड आहे. तेव्हापासून अभियंत्याच्या शेऱ्यापेक्षा आईने काढलेल्या फोटोवर माझा जास्त विश्वास आहे.

आमच्या शाळेवर टिनं हायेत. मार्चपासूनच पोट्टे घामाघूम होतात, दोघाले तर चक्कर आली. सरपंच म्हणते पंखे लावून देतो. पंख्यानं भागते काय?
— एक पालक, सिंदेवाही तालुका

नाही भागत, दादा. वर टिन तव्यासारखं तापलं की खालची हवा अंगापेक्षा गरम होते, आणि पंखा तीच हवा अंगावर ढकलतो. पंखा लावा, पण सगळ्यात शेवटी.

आधी टिन पांढरं करा. उन्हाळ्याच्या तोंडाशी, फेब्रुवारीत, ऊन परतवणारा पांढरा ॲक्रिलिक रंग दोन हात द्यायचा. खोलीत दोन ते पाच अंशांचा फरक पडतो. लोक स्वस्त म्हणून चुना मारतात. स्लॅबवर चुना चांगलाच, पण टिनावरचा पहिल्या पावसात वाहून जातो आणि ओला चुना टिनावरचा जस्ताचा थर खातो. मग टिन गंजतं, आणि आपण म्हणतो टिनच हलकं होतं.

दुसरं, टिनाच्या खाली हात-दीड हात जागा सोडून बांबूच्या तट्ट्यांचं छत. सिंदेवाहीकडे बांबूचं काम करणारे हात आहेत, नागपूरहून काही आणायला नको. मधल्या हवेला बाहेर जायला दोन्ही टोकांच्या भिंतींत वर जाळी ठेवा, नाहीतर वर उष्णता आणि उंदीर दोन्ही साठतील. पोषण आहाराची चूल त्या छताजवळ असेल तर मात्र तट्टे लावू नका. पर्याय म्हणून सिमेंट बोर्ड लावा.

झाडं लावताना थोडा विचार करा. उन्हाळ्यात आपली शाळा सकाळची होते, म्हणजे ऊन पूर्वेकडून येतं. सगळे मात्र पश्चिमेला कडुनिंब लावतात, कारण तो दुपारी बसायला बरा. पूर्वेलाही लावा. जमीन काळी असेल तर भिंतीपासून दूर लावा; पूर्ण वाढल्यावर झाड जेवढं उंच, तेवढं अंतर. नाहीतर मुळं पायाखालची ओल ओढतील आणि पुढच्या वर्षी दर्यापूरच्या ताईंचा प्रश्न तुम्ही विचाराल.

पैशाचं म्हणाल तर 'समग्र शिक्षा' या सरकारी योजनेतून संयुक्त शाळा अनुदान येतं. पट ३० पर्यंत असेल तर १० हजार, ३१ ते १०० असेल तर २५ हजार. दोन खोल्यांची टिनं रंगवणं त्यात बसवता येतं. समितीच्या बैठकीत विचारा, या वर्षीचं आलं का आणि कशावर खर्च झालं. आणि सरपंचाला खोलीत दुपारी एक वाजता थर्मामीटर टांगून दाखवा. पंख्याचा विषय आपोआप मागे पडेल.

वानरांनी उड्या मारून शाळेचे सिमेंटचे पत्रे फोडले. तुकडे आवारातच पडले आहेत, मुलं त्यांनी जमिनीवर रेघोट्या ओढतात. नवे तेच पत्रे आणायचे का?
— मुख्याध्यापक, आर्वी तालुका

गुरुजी, आधी ते तुकडे मुलांच्या हातून काढा. जुने सिमेंटचे पत्रे जवळपास सगळेच ॲस्बेस्टॉसचे असतात. अख्खा पत्रा फारसा त्रास देत नाही. फुटलेल्या, झिजलेल्या पत्र्यातून मात्र डोळ्याला न दिसणारे तंतू उडतात आणि फुप्फुसात कायमचे बसतात. त्यातून फुप्फुसाचा आणि फुप्फुसाच्या आवरणाचा कर्करोग होऊ शकतो, तोही वीस-चाळीस वर्षांनी. तुम्हा-आम्हाला तेवढी वर्षं उरलेली नाहीत, त्या रेघोट्या ओढणाऱ्या पोरांना उरली आहेत. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संस्था सगळ्या प्रकारचं ॲस्बेस्टॉस कर्करोगकारक मानते. तरी आपल्या देशात पांढरं ॲस्बेस्टॉस आयात होतं आणि पत्रे दुकानात मिळतात. दुकानदाराला दोष देण्यात अर्थ नाही.

तुकडे कोरड्या झाडूने झाडू नका. पाणी मारून ओले करा, नाकाला मास्क लावून मोठ्यांनी उचला, दुहेरी प्लास्टिकच्या पोत्यात बांधा. मुलांकडून श्रमदान अजिबात नको. उरलेले पत्रे सुट्टीच्या दिवशी, ओले करून, न फोडता, अख्खे उतरवायचे, आणि ते कोण व कुठे नेणार हे अंदाजपत्रकातच लिहून घ्यायचं. असला कचरा घातक कचऱ्याच्या नियमांत येतो. 'गोठ्याला कामी येतील' म्हणून कोणी मागेल, त्याला देऊ नका.

नवं काय घालायचं? जाड रंगीत टिन, खाली छत. कवेलू, म्हणजे मातीची कौलं, मनाने मला आवडतात. सेवाग्रामच्या कुटीत भर उन्हात बसून पाहा. पण वानरांच्या गावात कवेलू म्हणजे दर आठवड्याला चढा.

शाळा बोलकी करायची म्हणून भिंतींवर चित्रं काढतो आहोत. ऑइलपेंट चालेल का?
— शिक्षिका, मूल तालुका

चालेल, मॅडम, पण डब्यावर शिसं ९० पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत ९० भाग) कमी असल्याचं लिहिलेलं पाहून घ्या. १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती रंगांना ही मर्यादा आहे. सुटा, बिननावाचा पिवळा आणि लाल रंग घेऊ नका, शिसं नेमकं त्यांतच जास्त असतं. जुना पोपडा निघालेला रंग कोरडा खरवडू नका, ओला करून काढा. शिशाची लेकरांसाठी सुरक्षित अशी मात्रा नाही. भिंत डोळ्यांसमोर असेल त्या उंचीवर चित्रं काढा, चाटता येईल त्या उंचीवर चुनाच बरा.

शाळेला लागून पऱ्हाटीचं वावर आहे. फवारणी सुरू झाली की वर्गात वास येतो, पोरांचे डोळे चुरचुरतात. वावरवाला आमच्याच घरातला. काय करावं?
— एक आजी, राळेगाव तालुका

आजी, घरातलाच आहे म्हणून सोपं आहे. २०१७ मध्ये आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, त्याची आठवण कोणाला करून द्यावी लागत नाही. त्याला एवढंच म्हणा : शाळेकडच्या आठ-दहा ओळींची फवारणी रविवारी कर, किंवा शाळा सुटल्यावर, वारा शाळेकडे असेल तर थांब. कीटकनाशकाच्या डब्यावर लाल त्रिकोण असेल तर ते सगळ्यात जहाल, शाळेजवळ ते नकोच. त्या दिवशी शाळेने पिण्याचं पाणी झाकून ठेवावं, त्या बाजूच्या खिडक्या लावाव्यात. कुंपणाला दाट मेंदी लावली तर उडणारे थेंब बरेच अडतात.

आणि एक, शाळेत जाऊन बघाच. पंप आणि औषधाचे डबे शाळेच्या मोकळ्या खोलीत ठेवायची पद्धत काही गावांत आहे. ती आजच्या आज बंद करायला लावा. संडासातल्या पाण्याला औषधाचा रिकामा डबा ठेवला असेल तर तो धुऊन चालत नाही. खिळ्याने भोक पाडून निकामी करा, नाहीतर दुसऱ्या दिवशी तो तूर मोजायला कोणाच्या तरी घरी गेलेला असतो.