प्लॅटफॉर्मनं ॲप बनवलं, आता अभिप्राय काय लिहू?

प्रश्न : मी हिंगणघाटजवळच्या एका खेड्यात राहतो, घरूनच काम करतो, जिनिंगवाल्यांना (कापसातून सरकी वेगळी करणारे कारखाने) अन् कृषी केंद्रांना छोटे सॉफ्टवेअर बनवून देतो. एका कंपनीनं त्यांचा नवीन प्लॅटफॉर्म वापरायला दिला आहे. त्यात माहितीची टेबलं सांगितली की फॉर्म, याद्या, रिपोर्ट, लॉगिन सगळं आपोआप तयार होते. महिनाभर वापरा अन् अभिप्राय पाठवा म्हणतात. कापूस आवकेचं ॲप मी त्यात दोन दिवसात उभं केलं, त्यालाच मला आधी दीड महिना लागला होता. पण मग टेबलात एक कॉलम वाढवून पुन्हा जनरेट केलं तर मी हातानं लिहिलेला कोड सगळा पुसल्या गेला. आता चांगलं लिहू की वाईट? अन् खरं सांगतो, भीती पण वाटून राहिली, आपलंच काम संपवायला आपणच मदत तर नाही ना करून राहिलो?

उत्तर : भाऊ, चांगलं की वाईट ते राहू द्या, काय झालं ते लिहा. कोणता कॉलम वाढवला, कोणतं बटण दाबलं, पुसल्या गेलेल्या कोडमधे काय होतं, दाबायच्या आधी काही इशारा आला का. "कस्टमायझेशनमधे अडचण येते" असं लिहिलं तर ते वाचून कोणालाच काही दुरुस्त करता येत नाही. अन् दोन दिवसात ॲप उभं झालं हेही मोकळ्या मनानं लिहा, ती काही लहान गोष्ट नाही, फॉर्म अन् याद्या बनवण्यात आपल्या लोकांचे कितीतरी महिने जातात.

कोड पुसल्या जाणं हे आपोआप कोड लिहिणाऱ्या साधनांचं जुनं दुखणं आहे. मशीननं लिहिलेलं अन् माणसानं लिहिलेलं एकाच फाईलमधे ठेवलं की कधीतरी हे होणारच. मायक्रोसॉफ्टनं २००५ मधे सी शार्प या प्रोग्रामिंगच्या भाषेत पार्शल क्लास आणले ते बरंचसं याच्यासाठीच, जनरेट झालेला भाग एका फाईलमधे, आपला दुसऱ्या फाईलमधे, पुन्हा जनरेट केलं तरी आपल्या फाईलला हात लागत नाही. तुम्ही कंपनीला सरळ विचारा, माझा कोड ठेवायची वेगळी जागा कुठं आहे? नसेल तर अभिप्रायात सगळ्यात वर हेच लिहा, बाकी सगळं खाली.

दुसरी गोष्ट माझ्या अंगावर आलेली आहे म्हणून सांगतो. बऱ्याच वर्षांआधी मी एका जिनिंगसाठी असंच टेबलावरून फॉर्म काढून दिला, वजनाला एकच खाना, दशांशवाला. काट्यावरच्या पोरानं १२ क्विंटल ४ किलो हे १२.४ असं टाकलं. त्याचा अर्थ झाला १२ क्विंटल ४० किलो! ३६ किलोचा फरक, भाव क्विंटलला ७,००० धरला तर २,५२० रुपये. त्या पोराची काही चूक नव्हती, तो जसं बोलते तसं त्यानं टाकलं, अन् आपल्याकडे वजन क्विंटल अन् किलो असं दोन आकड्यातच बोलल्या जाते. चुकारा जास्त गेला म्हणून मालक त्या पोराच्या पगारातून कापायला निघाला होता, दोन दिवस मी जिनिंगमधेच बसून एकेक काटापट्टी तपासली. तेव्हापासून मी क्विंटल अन् किलो वेगवेगळे खाने देतो अन् किलोच्या खान्यात ९९ च्या वर आकडा घेतच नाही. आता तुमचा प्लॅटफॉर्म हे करू देते का पाहा, म्हणजे स्क्रीनवर दोन खाने पण खाली साठवण एकाच आकड्यात. नसेल करू देत तर हाच किस्सा आकड्यासकट लिहून पाठवा.

ओलाव्याचंही पाहा. सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, हमीभाव खरेदीत ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, ८ ते १२ मधे प्रमाणात कपात, १२ च्या वर कापूस घेतच नाहीत, अन् खाजगी जिनिंगवाल्याची पद्धत निराळी. प्लॅटफॉर्म वजन गुणिले भाव आपोआप करून देईल, पण हा नियम कुठं लिहायचा, अन् पुढच्या हंगामात बदलला तर मागच्या हंगामाच्या पट्ट्या जशाच्या तशा राहतात का, हे तपासल्याशिवाय अभिप्राय पाठवू नका. नेट गेल्यावर काटा थांबते का तेही पाहाच, गेटवर गाड्यांची लाईन लागली असली तर शेतकरी किती वेळ थांबेल?

अन् प्लॅटफॉर्म उद्या बंद पडला तर? गूगलनं ॲप मेकर नावाचं असंच साधन जानेवारी २०२१ मधे बंद केलं, त्यावर बनवलेले ॲप चालायचेच थांबले. म्हणून डेटा पूर्ण बाहेर काढता येते का, अन् जनरेट झालेला कोड त्यांच्या सर्व्हरशिवाय चालते का, हे दोन्ही लेखी मागा.

राहिली भीती. १९९१ मधे व्हिज्युअल बेसिक आलं, १९९२ मधे ॲक्सेस, दोन्ही मायक्रोसॉफ्टची सॉफ्टवेअर बनवायची साधनं, त्यात विझार्डनं, म्हणजे एकेक प्रश्नाचं उत्तर देत गेलं की, फॉर्म बनायचे अन् आता प्रोग्रामर कशाला लागते असं तेव्हाही बोलल्या गेलं. फॉर्म बनवायचं काम कमी होईल, ते मी नाकारत नाही, निव्वळ फॉर्मवर ज्याचं घर चालते त्याला त्रास होईलच. पण १२.४ चा घोळ ज्याला कळते असा माणूस जिनिंगला तुमच्या गावातूनच मिळेल. तुम्ही दर फॉर्ममागे पैसे घेत असाल तर ते आतापासून बदला, हंगामभराच्या देखभालीचे पैसे ठरवा.

प्रश्न : आर्णी तालुक्यात आमचं कृषी केंद्र आहे. ओळखीचा पोरगा म्हणते अशाच प्लॅटफॉर्मवर बिलाचं ॲप दोन दिवसात करून देतो. घ्यावं का?

उत्तर : घ्या, पण एक हंगाम बिलबुक सोबत चालू ठेवा. दर महिन्याला माणशी पैसे लागते का ते आधीच विचारा, बऱ्याच प्लॅटफॉर्मचा हिशेब तसाच असते. अन् पैसे द्यायच्या आधी त्याच्यासमोर एक बिल फाडून पाहा : एकाच वाणाच्या तीन पिशव्या, दोन एका लॉटच्या, एक दुसऱ्या लॉटची. दोन्ही लॉट नंबर बिलावर वेगवेगळे उमटले पाहिजेत. बियाणं उगवलं नाही तर शेतकरी तेच बिल घेऊन कृषी अधिकाऱ्याकडे जाते.