कूलंट बदलला, तरी काटा वर का जातो?

प्रश्न : कूलंट घरीच बदलला. आता घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये टेंपरेचरचा काटा वर चढतो आणि हीटर लावला तर थंडच हवा येते. काय चुकलं? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : अहो, सिस्टिममध्ये हवा अडकलीये, बहुतेक हेच. हीटरची थंड हवा हीच तिची खूण, कारण हीटरच्या बारीक नळ्यांत गरम पाणी पोचतच नाहीये. काटा चढत असताना गाडी दामटू नका, हेड गॅस्केट (इंजिनच्या हेड आणि ब्लॉकमधलं सील) गेली तर खर्च फार मोठा.

इंजिन पूर्ण थंड असतानाच रेडिएटर कॅप उघडा, गरम असताना हात पण लावू नका, उकळतं पाणी अंगावर उडतं. गाडीचं तोंड जरा चढावर ठेवा, हीटरचा नॉब फुल गरमवर, ब्लीड स्क्रू (अडकलेली हवा सोडायचा स्क्रू) असेल तर ढिला करा आणि कूलंट हळूहळू भरत राहा, स्क्रूतून बुडबुडे थांबून सलग धार आली की घट्ट करा. मग कॅप उघडीच ठेवून इंजिन आयडलवर चालू करा, थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर कूलंटला रेडिएटरची वाट मोकळी करणारा व्हॉल्व्ह) उघडला की रेडिएटरचा वरचा होज, म्हणजे रबरी पाइप, गरम लागतो आणि लेव्हल एकदम खाली जाते, तेवढं परत भरा. फॅन फिरून बंद झाला, हीटर गरम फुंकायला लागला, की कॅप लावा. दुसऱ्या दिवशी सकाळी लेव्हल परत बघा, थोडी उतरतेच.

कूलंट कॉन्सन्ट्रेट असेल तर अर्धा कूलंट, अर्धं डिस्टिल्ड वॉटर, नळाचं पाणी नको. आणि काढलेला कूलंट सोसायटीच्या गटारात ओतू नका हो, चव गोड असते, कुत्री-मांजरं चाटतात आणि मरतात.