वाचकांचे प्रश्न : संगणक जुळवताना विंडोजचा खर्च कुठे धरायचा?

प्रश्न : सोलापुरात आमचा टॉवेलचा छोटा कारखाना असून वरच्या मजल्यावर आमचे घर आहे. बिले, टॅली आणि जीएसटीची विवरणपत्रे यांसाठी, तसेच बी.कॉम. करणाऱ्या मुलीच्या अभ्यासासाठी आम्ही असेंबल्ड (सुटे भाग जुळवून केलेला) संगणक घेत आहोत. आमचे बजेट ६०,००० रुपयांचे आहे. दुकानदाराने प्रोसेसर, मदरबोर्ड, १६ जीबी रॅम, ५०० जीबी एसएसडी (माहिती साठवणारी डिस्क), ग्राफिक्स कार्ड आणि एसएमपीएससह (आतल्या भागांना वीज पुरवणाऱ्या भागासह) कॅबिनेट असे ५४,००० रुपयांचे कोटेशन दिले आहे. ‘विंडोज आम्ही टाकून देऊ, त्याचे काही नाही,’ असे त्याचे म्हणणे आहे. उरलेल्या पैशांत मॉनिटर बसेल का, आणि विंडोजवर वेगळा खर्च खरोखरच करावा लागतो का?
— एक वाचक, अक्कलकोट रस्ता, सोलापूर

उत्तर : होय, विंडोजचा खर्च वेगळा करावा लागतो. ६,००० रुपयांत एखादा मॉनिटर कसाबसा बसवलात, तरी यूपीएस (वीज गेल्यावर थोडा वेळ पुरवठा देणारे बॅटरीचे उपकरण), कीबोर्ड-माउस आणि विंडोजचा परवाना बजेटबाहेरच राहतील, कारण या कोटेशनमध्ये फक्त डब्याची, म्हणजे कॅबिनेट आणि त्यातल्या भागांची, किंमत धरलेली आहे. माझा आग्रह असा आहे, की हिशेबाचा कागद नव्याने घ्यावा, त्यावर पहिली ओळ ऑपरेटिंग सिस्टीमची (म्हणजे विंडोजची), दुसरी विजेच्या बंदोबस्ताची आणि तिसरी मॉनिटरची लिहावी, आणि प्रोसेसर-रॅमची निवड उरलेल्या रकमेतून करावी.

‘टाकून देऊ’ या आश्वासनामागे बहुधा दोनांपैकी एक गोष्ट असते. एक तर विंडोज ॲक्टिव्हेट झाल्यासारखी भासवणारे क्रॅक सॉफ्टवेअर चालवले जाते आणि त्याला अडथळा येऊ नये म्हणून अँटिव्हायरस बंद केला जातो. म्हणजे ज्या संगणकावर आपण बँकेचे व्यवहार करणार आणि जीएसटी पोर्टलचा पासवर्ड टाकणार, त्याचे संरक्षण पहिल्याच दिवशी काढून घेतलेले असते. नाही तर पाचशे-हजार रुपयांत मिळणारी की (परवान्याचा सांकेतिक क्रमांक) वापरली जाते. अशी की अनेकदा एखाद्या मोठ्या संस्थेला दिलेल्या घाऊक परवान्यातून बाहेर आलेली असते, आणि मायक्रोसॉफ्टने ती रद्द केली की आपले पैसे बुडतात. कायद्याची बाजूही गंभीर आहे. प्रताधिकार कायदा, १९५७ च्या कलम ६३-ब नुसार सॉफ्टवेअरची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरल्यास ७ दिवसांपासून ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. व्यापारासाठी वापर नसेल, तर केवळ दंडावर भागवण्याची मुभा न्यायालयाला आहे; आपला वापर मात्र उघडच व्यवसायासाठी आहे.

विंडोज ११ होमचा रिटेल (सुटा विकत मिळणारा) परवाना साधारण दहा हजार रुपयांच्या आसपास पडतो आणि पुढे संगणक बदलला तरी तो नव्या संगणकावर नेता येतो. ओईएम (नव्या संगणकासोबत दिला जाणारा) परवाना स्वस्त असतो, पण तो पहिल्या मदरबोर्डशी बांधलेला राहतो. आपल्या कामासाठी होम आवृत्ती पुरेशी आहे. दूरच्या संगणकावरून आपल्या संगणकात शिरून काम करायचे असेल किंवा बिटलॉकरची (डिस्कवरील माहिती कुलूपबंद करणारी) पूर्ण सोय हवी असेल, तरच प्रोचा विचार करावा. संगणक केवळ मुलीच्या अभ्यासासाठी असता, तर मी निःसंकोचपणे लिनक्स मिंट किंवा उबुंटू ही ऑपरेटिंग सिस्टीम सुचवली असती, कारण दोन्ही पूर्णपणे मोफत आणि कायदेशीर आहेत आणि त्यांवर युनिकोड मराठी टंकलेखनही उत्तम होते. परंतु टॅलीप्राइम विंडोजसाठीच बनवलेली आहे, आणि ज्या कामावर आपला धंदा चालतो तेच ऑपरेटिंग सिस्टीम ठरवते. विंडोजसोबत वर्ड आणि एक्सेल मिळत नाहीत, हेही लक्षात असू द्यावे. त्यांच्या जागी लिबरऑफिस मोफत वापरता येते. अँटिव्हायरस वेगळा विकत घेण्याची गरज नाही, कारण डिफेंडर विंडोजमध्येच असतो.

आता हा पैसा आणायचा कोठून? माझ्या मते ग्राफिक्स कार्ड वगळावे. टॅली, बिले आणि ऑनलाइन तासिका यांना त्याचा काहीही उपयोग होत नाही. मात्र त्यासोबत प्रोसेसर अंगभूत ग्राफिक्स असलेलाच घ्यावा लागेल. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी ‘एफ’ हे अक्षर असते, त्यात ते नसते आणि कार्डाशिवाय पडद्यावर काहीच दिसत नाही.

विजेबाबत मी अधिक आग्रही आहे. मागांच्या मोटारी सुरू-बंद होताना त्याच लाइनवरचा व्होल्टेज खालीवर होतो, म्हणून संगणकासाठी मीटरपासून स्वतंत्र लाइन ओढून घ्यावी आणि इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्यावे. अर्थिंग नसेल, तर महागडा स्पाइक गार्डही (व्होल्टेजच्या झटक्यांपासून वाचवणारा बोर्ड) आपले काम नीट करू शकत नाही. कॅबिनेटसोबत फुकट येणारा एसएमपीएस नाकारून नामांकित कंपनीचा, ८० प्लस ब्रॉन्झ (वीज कमी वाया घालवत असल्याचे) प्रमाणपत्र असलेला ४५० वॉटचा एसएमपीएस घ्यावा. ६०० व्हीए (व्होल्ट-अँपिअर) क्षमतेचा यूपीएस साधारण ३६० वॉटचा भार पेलतो; कार्ड नसलेला संगणक आणि मॉनिटर त्यावर सहज चालतात आणि वीज गेल्यावर टॅलीतील नोंद पूर्ण करून संगणक व्यवस्थित बंद करण्याइतका वेळ मिळतो. लेझर प्रिंटर मात्र यूपीएसला कधीही जोडू नये. सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि आपल्या घरात सुताचा बारीक धुरळाही येणार, तेव्हा जाळीचे फिल्टर असलेले कॅबिनेट निवडावे आणि ते नियमित साफ करावे.

किरकोळ वस्तूंकडेही पाहावे. स्वस्त मदरबोर्डवर वायफाय नसते आणि विंडोज ११ होमच्या सेटअपला इंटरनेट लागते, म्हणून लॅन केबल किंवा वायफाय डोंगल (यूएसबीला लावायचे छोटे वायफाय उपकरण) जवळ असावे. डेस्कटॉपला कॅमेरा किंवा माइकही नसतो. विंडोजला १०,०००, मॉनिटरला सुमारे ८,०००, यूपीएसला ३,००० आणि कीबोर्ड, माउस व डोंगल यांना दीड हजार असे ढोबळमानाने धरले, तर डब्यासाठी ३७,५०० रुपये उरतात, आणि कार्डाविना तेवढ्यात चांगला संगणक जुळवता येतो.

आपण जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत (छोट्या व्यावसायिकांसाठीची सोपी योजना, जिच्यात कराचे क्रेडिट मिळत नाही) नसाल, तर कारखान्याच्या नावाने, जीएसटी क्रमांकासह पक्के बिल घ्यावे. ६०,००० रुपयांत १८ टक्के कर अंतर्भूत धरला, तर तो सुमारे ९,१५० रुपये होतो, आणि व्यवसायासाठी होणाऱ्या वापराच्या प्रमाणात त्याचे इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट) मिळते. घरगुती वापराचा वाटा किती वगळायचा, हे आपल्या कर सल्लागाराकडून ठरवून घ्यावे. कच्च्या बिलावर दोन हजारांची सूट मिळत असली, तरी आपल्यासाठी तो तोट्याचा सौदा आहे.

प्रश्न : आमच्याकडे २०१६ साली घेतलेला कंपनीचा तयार डेस्कटॉप असून त्यात मूळची विंडोज १० आहे. नवा संगणक जुळवताना तीच विंडोज त्यात नेता येईल का?
— एक वाचक, होटगी रस्ता, सोलापूर

उत्तर : नाही. तयार संगणकासोबत आलेला परवाना ओईएम असतो आणि तो त्याच यंत्रापुरता राहतो. आपण विंडोज १० चा रिटेल परवाना सुटा विकत घेतलेला असता, तर जुन्या यंत्रावरून काढून तो नव्यावर वापरता आला असता आणि त्यावर विंडोज ११ ही चालली असती. विंडोज ७ किंवा ८ ची जुनी की वापरून नवी विंडोज ॲक्टिव्हेट करण्याची वाट मायक्रोसॉफ्टने २०२३ साली बंद केली आहे. विंडोज १० चा नियमित सपोर्ट (सुरक्षा अपडेट्ससह) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि २०१६ चा प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत बसत नाही. तेव्हा जुन्या डेस्कटॉपमध्ये एसएसडी बसवून त्यावर लिनक्स मिंट घालावी. वाचन, टंकलेखन आणि मुलांचा अभ्यास यांसाठी तो आणखी काही वर्षे चालेल. तोवर मात्र त्यावरील विंडोज १० मधून बँकेचे व्यवहार करू नयेत.