कॉम्प्युटर सुरू करताना हार्ड डिस्क कधी दिसते, कधी दिसत नाही. बदलून टाकावी का?

नका बदलू. निदान या आठवड्यात तरी नको.

तुम्ही लिहिलंय की दुसरी डिस्क सकाळी मशीन चालू केलं की बायोसमध्येच (विंडोजच्या आधी चालणाऱ्या मूळ प्रोग्रॅममध्ये) नसते, रीस्टार्ट मारला की येते, दोनदा फॉरमॅट करूनही फरक नाही, आणि एका मित्राने ‘डिस्क गेली, नवी घे’ असं सांगून टाकलंय. हे शेवटचं वाक्य वाचलं आणि हातातलं काम ठेवून लिहायला बसलो. हेच वाक्य मी भावोजींच्या तोंडून ऐकून घेतलेलं आहे.

फॉरमॅटचं आधी निकालात काढतो. डिस्क बायोसलाच दिसत नसेल तर तिच्यावर काय लिहिलंय याचा संबंधच येत नाही. दाराची कडी अडकली म्हणून आतल्या भिंती रंगवण्यातला प्रकार आहे तो.

तर भावोजी. आमच्याकडे कॉम्प्युटरचं काही अडलं की त्यांनाच विचारायचं असं ठरलेलं. माझी डिस्क तुमच्यासारखीच लपंडाव खेळायला लागली तेव्हा त्यांनी मशीन न बघता फोनवरच निकाल दिला, “मोटर गेली रे तिची. नवी टाक.” टाकली. अकरा दिवस सुरळीत. बाराव्या दिवशी सकाळी नवीही गायब. भावोजी म्हणाले, “हीपण खराब निघाली, लॉटच तसा असेल.” एकाच खणात पाठोपाठ दोन डिस्क आजारी पडल्या तर संशय डिस्कवर घ्यायचा की खणावर? पण बहिणीच्या नवऱ्याशी किती वाद घालणार. गप्प बसलो आणि एक वही घातली.

वहीत तीनच रकाने: मशीन किती वेळ बंद होतं, डिस्क दिसली का, नसेल तर रीस्टार्टनंतर दिसली का. तीन आठवड्यांत रात्रभर बंद राहिलेलं मशीन १९ वेळा चालू केलं, त्यात ८ वेळा डिस्क नाही. रीस्टार्टनंतर मात्र एकदाही चुकली नाही.

रीस्टार्टमध्ये डिस्कची वीज तुटत नाही, तबकड्या फिरतच असतात. थंड मशीन चालू करताना त्यांना शून्यापासून वेग घ्यावा लागतो. ३.५ इंची डिस्क त्या काही सेकंदांत १२ व्होल्टच्या तारेतून दोन अँपिअरच्या आसपास ओढते. एकदा गरगरायला लागली की त्या मानाने अगदी थोडक्यात भागतं. म्हणजे वीजमार्गात कुठे कच्चा दुवा असेल तर तो नेमका सकाळीच उघडा पडणार. त्यातून बायोसमध्ये फास्ट बूट चालू असेल तर तो डिस्कसाठी फार वेळ थांबतही नाही. ते आजच बंद करून बघा, फुकटचं काम आहे. (विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप वेगळं. ते ‘शट डाउन’च्या वेळी काम करतं, ‘रीस्टार्ट’च्या वेळी नाही, त्यामुळे त्याचाही घोळ होऊ शकतो. तेही बंद करा.)

माझं फास्ट बूट बंदच होतं. मग एका सकाळी झाकण काढलं, डिस्कच्या धातूच्या कडेवर बोट ठेवलं (खालच्या सर्किट बोर्डावर नाही) आणि बटण दाबलं. घूंऽऽ करत चढायला लागली, अर्ध्यावर दमली, टक्, पुन्हा घूंऽऽ, पुन्हा टक्. मशीन बंद केलं, प्लग काढला आणि पॉवरची तार हाताने मागे मागे चाचपत गेलो. सप्लायमधून (मशीनला वीज देणाऱ्या डब्यातून) आलेलं एकच टोक, त्याला स्प्लिटर, म्हणजे जुन्या चार पिनी मोलेक्स प्लगपासून डिस्कला लागणारी साटा टोकं काढणारा ओतीव प्लास्टिकचा जोड, आणि त्यावर दोन डिस्क नि डीव्हीडी रायटर. पिवळ्या, म्हणजे त्याच १२ व्होल्टच्या, तारेच्या पिनेभोवती पांढरं प्लास्टिक तपकिरी पडलेलं. नख लावलं तर तुकडाच निघाला. असले स्प्लिटर पेटल्याची उदाहरणं आहेत, तेव्हा तुमच्याकडे असेल तर डिस्क दिसो न दिसो, आधी तो काढा.

तो स्प्लिटर कोणी लावला होता? भावोजींनीच, दुसरी डिस्क बसवताना.

मग नवी डिस्क अकरा दिवस कशी चालली? कारण ती बसवताना मी प्लग उपसून पुन्हा खुपसले. पिना घासल्या गेल्या, काही दिवस सांधा नीट बसला. या दुखण्यातली खरी मेख हीच आहे. काहीही बदललं की आठ-दहा दिवस बरं वाटतं आणि शेवटी जे बदललं त्याला श्रेय मिळतं. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वही घाला.

सप्लायमधून थेट साटा टोक मिळत होतं, ते लावलं. विषय संपला. जुनी डिस्कही परत आत घातली. तिच्या स्मार्ट नोंदींत (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या) रिअलोकेटेड सेक्टर, म्हणजे खराब म्हणून बदललेल्या जागा, शून्य, पेंडिंग, म्हणजे संशयित जागा, शून्य, फक्त स्पिन रिट्राय, म्हणजे फिरायला पुन्हा केलेले प्रयत्न, ५. भावोजींनी तो पाच बरोबर धरला, “बघ, मोटरच!” अहो, मोटर फिरू बघत होती, तुमचा स्प्लिटर देत नव्हता. त्या गोष्टीला चार वर्षं झाली. डिस्क रोज चालते आणि आकडा अजून पाचच आहे. अधूनमधून मी त्याचा स्क्रीनशॉट फॅमिली ग्रुपवर टाकतो. भावोजी नुसता अंगठा दाखवतात.

तुमच्याकडे स्प्लिटर नसला तर सप्लायच म्हातारा असू शकतो. त्यातले कपॅसिटर (वीज साठवणारे छोटे भाग) सुकले की लक्षणं अशीच दिसतात. डेटा केबलची परीक्षा सोपी आहे. स्मार्टमध्ये १९९ क्रमांकाची सीआरसी एररची (डेटा केबलमधून जाताना झालेल्या चुकांची) नोंद असते. ती शून्यावर येत नाही, म्हणून आजचा आकडा लिहून ठेवा आणि आठवड्याने बघा. वाढला तर केबल बदला. पण उगाच रोज काढ-घाल करू नका, आतली साटा जोडणी जेमतेम ५० वेळा घालण्या-काढण्यासाठीच बनवलेली असते. पोर्टही बदलून बघा, मदरबोर्ड निर्दोष असतो असं धरू नका. २०११ मध्ये इंटेलच्या ६ सिरीज चिपसेटचे (मदरबोर्डवरच्या मुख्य चिपचे) काही साटा पोर्ट काळानुसार कमजोर पडत जातात असं निघालं होतं आणि कंपनीला माल परत घ्यावा लागला होता.

हे खरं तर सर्वांत आधी सांगायला हवं होतं: डिस्क दिसेल त्या पहिल्या वेळी डेटाची कॉपी काढा, बाकीचं संशोधन नंतर. आणि भावोजी कधीच बरोबर नसतात असंही नाही. झिजलेली मोटरही थंडपणी अडते आणि गरम झाली की चालते. थेट, चांगल्या सप्लायवरही टकटक येत असेल किंवा पेंडिंग सेक्टर वाढत असतील तर डिस्क खरंच जातेय. मग ती पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका. निवाडा हवा असेल तर डिस्क दुसऱ्या मशीनमध्ये लावा, रात्रभर बंद ठेवा आणि सात-आठ सकाळी बघा. तिथे रोज दिसली तर हे उत्तर त्या मित्राला पाठवा.

आणि झाकण उघडाल तेव्हा आत स्प्लिटर निघाला तर तो कोणी लावला होता, तेवढं मला कळवा.